पाचव्या मजल्यावरची वाचक

ऑफिसात सगळे तिला वेलांटी म्हणत. पहिल्या पानाच्या मथळ्यात एकदा ऱ्हस्व वेलांटी चुकून दीर्घ पडली होती, आणि तिनं दहा मिनिटं छपाई थांबवून ठेवली होती. तेव्हापासून हे नाव चिकटलं. वर्तमानपत्रात ती मुद्रितं तपासायची. बावीस वर्षं. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, चुका काढायच्या आणि आपला हात फिरलाय हे कोणाला कळूही द्यायचं नाही, असं ते काम.

चार वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात आणखी एक काम पडलं. ते तर कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

त्या वर्तमानपत्रात दर शनिवारी 'गॅलरीतून' नावाचं सदर यायचं. एक म्हातारे लेखक आपल्या गॅलरीत बसून शहराबद्दल चार गोष्टी सांगायचे. पुढाऱ्यांची भाषणं, नवे सिनेमे, बंद पडलेले सिग्नल, समोरच्या बिल्डिंगमधली भांडणं, काहीही चालायचं. वर त्यांचा फोटो असायचा: जाड चष्मा, विस्कटलेले पांढरे केस, आत्ताच काहीतरी खोडी काढल्यासारखा चेहरा. वाचक त्यांना आजोबा म्हणत. एका शनिवारसाठी आजोबांकडून मजकूर आला तो आदल्या आठवड्याचाच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तोच. मग त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबांना आता काही आठवत नाही, मी त्यांना माझ्या गावी नेतेय, म्हणाली.

संपादकांनी वेलांटीला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"त्यांचा मजकूर इतकी वर्षं तुमच्याच हाताखालून जातोय," ते म्हणाले. "त्यांची वाक्यं त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त पाठ आहेत. दोन आठवडे सांभाळा. तोवर मी काहीतरी बघतो. फक्त बाहेर कुठे बोलू नका. लोकांचा जीव आहे त्या माणसावर."

दोन आठवड्यांची चार वर्षं झाली. संपादकांनी काही बघितलं नाही, कारण बघायची गरजच पडली नाही. आजोबा पूर्वीपेक्षा चांगलं लिहायला लागलेत, अशी पत्रं येऊ लागली.

वेलांटीला सुरुवातीला गंमत वाटली. दुपारच्या चहाच्या वेळेला ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायची आणि बघता बघता म्हातारा पुरुष व्हायची. 'मी गॅलरीत बसलो, चष्मा पुसला, खाली पाहिलं आणि मनाशीच हसलो.' बसलो, उठलो, चिडलो, दमलो. आठवडाभर लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करायच्या आणि शुक्रवारी स्वतःचं क्रियापद बिघडवायचं. हळूहळू त्याची इतकी सवय झाली की एकदा घरी येऊन पर्स टाकत ती म्हणाली, "थकलो बाई आज."

सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली. "कोण थकलो?"

"थकले म्हटलं मी, आई."

"मला 'थकलो' ऐकू आलं," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा मटार सोलू लागल्या.

वेलांटीचं घर सरकारी गृहवसाहतीत पाचव्या मजल्यावर होतं. सासरे गेल्यावर सासूबाई मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा लिफ्ट चालू होती. चारच महिन्यांत ती बंद पडली. कुठलासा भाग मिळत नव्हता, मग तो मिळाला तर मंजुरी मिळत नव्हती, मग मंजुरी देणारे साहेब बदलले. दारावर 'दुरुस्तीचे काम चालू आहे' अशी पाटी लागली. पाटी लावणं एवढंच काय ते काम झालं. सासूबाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. अकरा महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या. आयुष्यभर बाजार, बँक, मैत्रिणी, सिनेमा करत हिंडलेली बाई आता दिवाणखाना ते स्वयंपाकघर एवढ्यातच वावरत होती. घराला गॅलरी नव्हती. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसायची आणि मान फारच वाकडी केली तर रस्त्याचा हातभर तुकडा.

म्हणून असेल, पण आजोबांचं सदर म्हणजे सासूबाईंचा प्राण होता. शनिवारी सकाळी त्या ते मोठ्यानं वाचत, आणि ऐकायला घरात सूनच असायची.

"ऐक," एका शनिवारी त्या म्हणाल्या. "'पुढारी आणि नट यांच्यात फरक एवढाच, की नटाला आपण खोटं बोलतोय हे माहीत असतं.' काय लिहितो गं हा माणूस. असं सुचायला माणूस मोकळा लागतो. तुमच्यासारखं घड्याळाकडे बघून नाही सुचत."

ते वाक्य वेलांटीला गुरुवारी बसस्टॉपवर, घड्याळाकडे बघतानाच सुचलं होतं. ती म्हणाली, "हो ना."

"तुला कधी दिसतात का ते ऑफिसात?"

"नाही आई. ते घरूनच पाठवतात."

नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. तो सरकारी कचेरीत कारकून होता, गुपितं सांभाळायची त्याला सवय होती. "आईला सांगू नकोस," तो म्हणायचा. "तिला कळलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळेल."

"त्या तर खाली उतरत नाहीत."

"फोन उतरतो ना."

तेव्हा तोंडाला कुलूप. घरात कुलूप, ऑफिसात कुलूप. आणि दर शनिवारी समोर बसून आपलंच लिहिलेलं आपल्याला टोमण्यासारखं ऐकायचं.

मग एका सोमवारी सासूबाईंनी तिच्या हातात एक पाकीट ठेवलं. डिंक लावलेलं, वर चिकटपट्टीही मारलेली. त्यावर त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'गॅलरीतले आजोबा यांस'.

"तुमच्याच ऑफिसात जायचंय ना, मग तिकीट कशाला? नेऊन दे. आणि उघडू नकोस."

"मी कशाला उघडू?"

बसमध्ये पाकीट पर्समध्ये होतं. ऑफिसात आल्यावर तिनं ते टेबलावर ठेवलं, दोन पानं तपासली, पाणी पिऊन आली. हे पत्र ज्याला लिहिलं होतं त्यानंच उघडायला हवं होतं, आणि तो माणूस म्हणजे तीच होती. शेवटी तिनं पट्टी काढली.

पत्र दोन पानी होतं. सासूबाईंनी लिहिलं होतं की लग्नाआधी त्या सहा वर्षं एका थिएटरात तिकिटाच्या खिडकीवर बसत. खिडकी एवढीशी, एक हात जाईल इतकीच. माणसांचे चेहरे दिसत नसत, नुसते हात दिसत. कोण बायकोला घेऊन आलाय, कोण चोरून आलाय, कोण कामावर दांडी मारून आलाय, हे हातावरून कळायचं. सासरी हे कोणाला सांगितलं नाही, कारण थिएटरातली नोकरी म्हणजे लोक नाकं मुरडत. आणि खाली एक परिच्छेद होता:

'मुलगा कामात असतो. सून चांगली आहे, वाईट वागत नाही. पण माझ्याशी बोलते तेव्हा ती तिथे नसते. कोणीतरी आतून तिला मजकूर सांगतंय आणि ती तो ऐकतेय, असं वाटतं. मी दिवसभर तिची वाट बघते आणि ती आली की पुन्हा वाटच बघते. तुम्हाला लिहिलं कारण तुम्ही ऐकता असं वाटतं.'

वेलांटीनं पत्र घडी करून खणात ठेवलं. त्या दिवशी तिच्या हातून तीन चुका सुटल्या. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

उत्तर न देणं हाच शहाणपणा होता. पण दोन दिवस रोज संध्याकाळी दार उघडलं की सासूबाई आधी तिच्या पर्सकडे बघायच्या. तिसऱ्या दिवशी तिनं उत्तर टाइप केलं. हातानं लिहिलं असतं तर अक्षर ओळखलं गेलं असतं. 'माझा हात थरथरतो म्हणून ऑफिसातल्या एका बाईंकडून टाइप करून घेतो आहे,' असं तिनं वर लिहिलं. खिडकीतल्या हातांबद्दल तिनं खूप विचारलं. शेवटी लिहिलं, 'तुमच्यासारखी वाचक असली की लिहावंसं वाटतं.' सुनेबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

सासूबाईंनी ते पत्र तिच्यासमोर फोडलं नाही. खोलीत गेल्या, दार लावलं, आणि बाहेर आल्या तेव्हा केस विंचरलेले होते.

त्यानंतर आणखी दोन पत्रं गेली आणि आली. सासूबाईंनी आपल्या नवऱ्याबद्दल लिहिलं. तो एका पक्षाचा कट्टर समर्थक होता आणि तीस वर्षं मतदानाला जाताना त्यांना बजावायचा. त्या तीस वर्षं मान डोलवून आत जाऊन दुसऱ्याच चिन्हावर शिक्का मारून यायच्या. 'संसारात माझं म्हणून एवढंच होतं,' असं लिहिलं होतं. वेलांटी ते वाचून हसली आणि मग तिला आपलीच लाज वाटली. सासूबाई ताटात भाजी वाढत असत, आणि त्यांचं सगळं आयुष्य सुनेला माहीत होतं. आणि ते त्यांना माहीत नव्हतं. घरात दोघी आता पूर्वीपेक्षा जास्त अवघडून वागत होत्या. निदान वेलांटी तरी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं.

तिसऱ्या पत्रात सासूबाईंनी मागणं घातलं. आमच्या लिफ्टबद्दल लिहा. तुम्ही लिहिलंत तर हलेल. इथे वरच्या मजल्यांवर माझ्यासारखे सात-आठ जण अडकलेत. आम्ही मेलो तरी खाली कसं नेणार याची चिंता आहे. निवडणूक जवळ आलीय, आत्ताच वेळ आहे.

'नक्की लिहितो,' आजोबांनी कळवलं.

आणि वेलांटीनं लिहिलं. चार वर्षांत तिनं इतकं मनापासून काही लिहिलं नव्हतं. दारावरची पाटी, बदललेले साहेब, भिंत दिसणारी खिडकी, सगळं आलं. एक म्हातारी बाई रस्त्याचा हातभर तुकडा बघायला मान वाकडी करते, तेही आलं.

संपादकांनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उत्तम झालंय. पण छापता येणार नाही."

"का?"

"ती गृहवसाहत कोणाच्या वॉर्डात येते ते तुम्हाला माहीत आहे. आणि तो उमेदवार आपल्या मालकांच्या घरी जेवायला असतो, तेही माहीत आहे. निवडणूक होऊ द्या, मग बघू. या आठवड्यात सिनेमावर लिहा. त्या साठीच्या नटांच्या काळ्या केसांवर लिहा, लोक हसतील."

"सर, मी एका वाचकाला शब्द दिलाय."

"शब्द आजोबांनी दिलाय," संपादक शांतपणे म्हणाले. "तुम्ही नाही."

तिनं काळ्या केसांवर लिहिलं. लोक हसले असावेत.

सासूबाईंनी त्या शनिवारी सदर मोठ्यानं वाचायला घेतलं, दुसऱ्या ओळीला आवाज खाली आणला, आणि मग मनातच शेवटपर्यंत वाचलं. पेपर नीट घडी घालून बाजूला ठेवला.

"हाही तसलाच निघाला," त्या म्हणाल्या. "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. मीच वेडी."

"कदाचित पेपरवाल्यांनी छापलं नसेल, आई."

"तू कशाला त्याची बाजू घेतेस? तुला काय माहीत मी त्याला काय सांगितलं होतं?"

वेलांटी ओट्याकडे वळली आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसू लागली.

मतदानाच्या दिवशी नवऱ्याला दुसऱ्या तालुक्यात निवडणुकीची ड्युटी लागली होती. तो आदल्या दिवशीच गेला. सकाळी दहा-साडेदहाला बेल वाजली. दारात दोन तगडे कार्यकर्ते उभे होते, गळ्यात पक्षाची पट्टी, हातात लाल प्लॅस्टिकची खुर्ची. पाच मजले चढून दोघांना धाप लागली होती.

"मावशी, मतदान," एक जण म्हणाला. "यादीत नाव बघितलं. तुम्हाला उतरता येत नाही म्हणून साहेबांनी खास पाठवलंय. खुर्चीतून नेतो, गाडीतून बूथवर, पुन्हा आणून सोडतो."

साहेब म्हणजे तोच उमेदवार. वेलांटीला वाटलं सासूबाई दार लावून घेतील. पण त्यांनी खुर्चीकडे बघितलं.

"मत मी कोणाला देणार ते विचारायचं नाही," त्या म्हणाल्या.

"छे छे मावशी. तुम्ही समजूतदार आहात."

"मग थांबा. साडी बदलून येते."

दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि वळणावळणानं खाली नेलं. वेलांटी पाठोपाठ, एका हातात त्यांची काठी, दुसऱ्यात चपला. बूथवर सगळं नीट झालं. कार्यकर्त्यांनी दोघींना परत बिल्डिंगच्या फाटकाशी सोडलं, खुर्ची मांडून दिली आणि एक जण म्हणाला, "पुढच्या गल्लीत आणखी एक आजी आहेत, त्यांचं मतदान करून आलोच. पाच मिनिटं."

ते गेले ते गेलेच.

पहिला तासभर सासूबाईंना काही जाणवलंच नाही. फाटकाशी, रहदारीच्या काठावर लाल खुर्चीत बसून त्या शहर बघत होत्या. कोपऱ्यावरचा शिंपी गेला होता, तिथे मोबाइलचं दुकान आलं होतं. झाड कापलं होतं. समोरच्या चौकात दोन भलेमोठे फलक शेजारी शेजारी लागले होते, एकावर उमेदवार हात जोडून आणि दुसऱ्यावर एक नट रंगाचा डबा हातात धरून.

"यातला रंग कोण विकतोय आणि मतं कोण मागतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"उजवीकडचा रंग विकतोय."

"बरं झालं सांगितलंस. दोघांचे केस सारखेच काळे."

वेलांटीला हसू आलं. काळ्या केसांचा तो विनोद तिचाच होता. सासूबाईंनी लेख नुसता वाचून बाजूला ठेवला नव्हता. रागावूनही त्यातलं वाक्य उचललं होतं.

दोन वाजले. तिनं कार्यकर्त्यांनी दिलेल्या नंबरवर फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. खाली राहणारे ओळखीचे दोघे घरात नव्हते. एक ड्युटीवर, एक गावाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी एकानं मान हलवून सहानुभूती दाखवली आणि आपल्याला पाठीचा त्रास असल्याचं सांगितलं. सासूबाईंना बाथरूमला जायचं होतं. तळमजल्यावरच्या एका बाईंनी दार उघडलं, तेवढं काम झालं. पण मग पुढे काय?

"मत घेतलं, माणूस टाकला," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "चल. एकेक पायरी चढू. किती वेळ लागायचा तो लागू दे."

एका मजल्याला अठरा पायऱ्या. नऊ पायऱ्यांवर वळण. सासूबाई एका हातानं कठडा आणि दुसऱ्यानं सुनेचा खांदा धरून दोन पायऱ्या चढायच्या आणि थांबायच्या. वळणावर आल्या की वेलांटी खाली जाऊन खुर्ची वर आणायची आणि त्यांना बसवायची. पहिला मजला यायला पंचवीस मिनिटं लागली. दुसऱ्या मजल्यानंतरच्या वळणावर सासूबाई बसल्या आणि म्हणाल्या, "आता नाही होत. थोडा वेळ इथेच."

जिन्यात अंधार नव्हता, पण उजेडही नव्हता. वरच्या कुठल्या तरी घरात टीव्हीवर मतदानाची टक्केवारी सांगत होते. वेलांटी त्यांच्या पायाशी पायरीवर बसली. त्यांचा गुडघा सुजलेला साडीवरून दिसत होता.

"त्यानं लिहिलं असतं तर," सासूबाई म्हणाल्या, "तर आज मी या खुर्चीत बसले नसते. मला त्याचा राग का येतो माहितेय? या लोकांकडून मला काही अपेक्षाच नव्हती. त्याच्याकडून होती."

"त्यानं लिहिलं होतं, आई."

"तुला काय माहीत?"

"मीच लिहिलं होतं. छापू दिलं नाही." तिला वाटलं होतं हे सांगताना आपला आवाज कापेल, पण तो नेहमीसारखाच होता. "ते आजोबा चार वर्षांपूर्वी सगळं विसरले. त्यांच्या मुलीकडे असतात. तेव्हापासून ते सदर मी लिहिते."

वरच्या टीव्हीवर कोणीतरी मोठ्यानं हसलं.

"पत्रं?" सासूबाईंनी विचारलं.

"तीही मीच."

त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, उठायचा प्रयत्न केला. उठता आलं नाही. त्यांना तिथून जायचं होतं, सुनेपासून लांब, आणि जाता येत नव्हतं. वर अडीच मजले, खाली अडीच, आणि मधे ज्या खांद्याचा आधार घ्यायचा तो हाच. वेलांटीला ते दिसलं आणि तिला वाटलं, आपण जागा तरी किती वाईट निवडली. निदान घरी सांगितलं असतं तर त्यांना दार लावून घेता आलं असतं.

"उठव मला," सासूबाई म्हणाल्या.

उरलेले अडीच मजले त्या एक शब्द बोलल्या नाहीत. खांदा मात्र धरला, कारण दुसरा इलाज नव्हता. घरात शिरल्यावर खोलीत गेल्या आणि दार लावलं.

चार दिवस त्या ताटापुरतं बाहेर येत होत्या. ड्युटीवरून परतलेला नवरा एकदा आईच्या दाराकडे बघायचा, एकदा बायकोकडे. "तरी मी म्हणत होतो," तो म्हणाला, आणि वेलांटीच्या चेहऱ्याकडे बघून पुढचं त्यानं गिळलं. निकाल लागला. उमेदवार निवडून आला. चौकात ढोल वाजले. लिफ्टच्या दारावरची पाटी पावसापाण्यानं नव्हे, नुसत्या वयानं पिवळी पडली होती. कोणीतरी तिच्या जागी नवी पाटी लावून गेलं.

पाचव्या दिवशी वेलांटी ऑफिसातून आली तेव्हा सासूबाई दिवाणखान्यात बसल्या होत्या. मांडीवर तीन टाइप केलेली पत्रं.

"'तुमच्यासारखी वाचक असली की लिहावंसं वाटतं.' हे कोणी लिहिलं? त्यानं की तू?"

"मीच. आणि ते खरं होतं."

"मी सुनेबद्दल जे लिहिलं होतं, त्याला उत्तर दिलं नाहीस."

"सुचलं नाही."

"त्याला सगळं सुचतं," सासूबाई म्हणाल्या. पत्रांच्या कडा त्या बोटांनी सरळ करत होत्या. "तू मला फसवलंस म्हणून राग आहेच. पण ते जाऊ दे. मला एक माणूस मिळाला होता गं. घराबाहेरचा. मी अकरा महिन्यांत एवढं एकच काय ते घराबाहेर गेले होते. आणि ते पण शेवटी घरातच निघालं."

वेलांटीनं माफी मागितली, ती सासूबाईंनी मान हलवून घेतली, जशी कोणी उसनी वाटी परत घेतं.

दुसऱ्या दिवशी ती संपादकांकडे गेली. लिफ्टचा लेख छापा, निवडणूक झाली आता, असं म्हणाली. संपादक म्हणाले, निवडून आलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात टोचायचं नसतं. मग तिनं विचारलं, माझ्या नावानं तरी काही लिहू द्याल का? ते म्हणाले, तुमच्या नावाला कोण ओळखतं?

"मग मी 'गॅलरीतून' लिहिणार नाही," वेलांटी म्हणाली.

संपादकांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं. तिला वाटलं होतं ते रागावतील किंवा विनवण्या करतील. त्यांनी नुसते खांदे उडवले. "ठीक आहे. नवीन मुलगी आलीय पुरवणीत, चुणचुणीत आहे. तिला देतो. तुम्ही पूर्वीसारखं तपासून द्या म्हणजे झालं."

फोटो तोच राहिला. शुक्रवारी आजोबांचा मजकूर वेलांटीच्या टेबलावर आला, दुसऱ्या कोणाच्या हातचा. लाल पेन घेऊन ती बसली. व्याकरण बरं होतं. वाक्यं मात्र नुसती टाळ्या मागत होती. आजोबा असं कधीच म्हणाले नसते. वेलांट्या तपासायच्या आणि उठायचं, एवढंच तिचं काम होतं. ती तपासून झाल्यावरही टेबलाशी बसून राहिली, आणि शिपाई पान न्यायला आला तेव्हा तिनं त्याला पाच मिनिटं थांबायला सांगितलं.

शनिवारी सकाळी पेपर आला. सासूबाईंनी मागच्या शनिवारी पेपर उघडलाच नव्हता. आज उघडला. मोठ्यानं नाही, पण ओठ हलत होते. वेलांटी समोर चहा घेऊन बसली आणि खिडकीतल्या भिंतीकडे बघत राहिली.

"ही तू नाहीस," सासूबाई म्हणाल्या.

"नाही. मी सोडलं. आता दुसरी कोणी लिहिते."

"लगेच कळलं. दुसऱ्या ओळीला." त्या आणखी खाली वाचत गेल्या. मग बोट एका ठिकाणी थांबलं. "इथपासून खाली मात्र तू आहेस."

वेलांटीनं कप खाली ठेवला.

"आहेस ना?"

"वाचवेना मला," ती म्हणाली. "हात गेला."

सासूबाईंनी पेपर खाली ठेवला आणि पहिल्यांदाच, त्या जिन्यानंतर पहिल्यांदाच, तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत माफी होती असं वेलांटीला वाटलं नाही. खिडकीपलीकडून आलेला एखादा हात निरखावा, तशी ती नजर होती.

"सोडून सुटली नाहीस तर," त्या म्हणाल्या.

"नाही."

"ओत मलाही चहा. आणि ते तू लिहिलेलं, जे छापलं नाही, ते आहे का जवळ?"

"आहे. पर्समध्ये."

"आण. तूच वाच. मोठ्यानं वाच, आणि तुझ्या आवाजात वाच. बघू या मला काय ऐकू येतं."

वेलांटीनं कागद आणले. पहिलंच वाक्य 'मी गॅलरीत बसलो होतो' असं होतं. ती त्याच्यापाशी अडखळली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळली. सासूबाई चहाचा कप हातात धरून वाट बघत होत्या. त्यांना कुठे जायचं नव्हतं.